‘बाथरूममध्ये घसरले’

प्रश्न : वकीलकाकू, नमस्कार. नाव-गाव छापू नका. आमचं गाव यंत्रमागांचं. वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई दुसऱ्याच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. वडिलांचं पिणं आणि आईला मारणं आम्ही कळायला लागल्यापासून बघत आलो. २००९ च्या फेब्रुवारीत, भावाची दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना, एका रात्री त्यांनी आईला स्वयंपाकघरातल्या कट्ट्याला दाबून धरलं आणि तिचा गळा आवळला. मी त्यांचा हात ओढत होते, सुटत नव्हता. आईचा आवाज बंद झाला, पाय नुसते फरशीवर घासत होते. भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा. त्यानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मागून वडिलांच्या डोक्यात घातला. एकदाच. वडील कोसळले. मग भाऊच अनवाणी चौकात पळत गेला आणि रिक्षा घेऊन आला.

रिक्षात वडिलांचं डोकं आईच्या मांडीवर होतं. ती मला म्हणाली, “बाथरूममध्ये घसरले म्हणायचं.” दवाखान्यात तेच सांगितलं. हवालदार आले, त्यांनी आईचा जबाब घेतला, माझा घेतला, मी सही केली. मी बावीस वर्षांची होते. भावाला पहाटेच्या एसटीनं मामाकडे पाठवलं, परीक्षेपुरता परत आणला. वडील ऑपरेशन होऊन वाचले, पण उजवा हात गेला, जीभ जड झाली. २०१७ ला वारले. त्यांनीही कधी कुणाला खरं सांगितलं नाही. घरमालक फार भले होते. आपल्या बाथरूमच्या फरशीनं हे झालं म्हणून त्यांनी तीन महिन्यांचं भाडं घेतलं नाही आणि स्वतःच्या खर्चानं खडबडीत फरशी बसवून दिली.

आई गेल्या वर्षी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला पंगतीत चुलते म्हणाले, “त्या बाथरूमनं घात केला, पण वैनीनं आठ वर्षं नवऱ्याची सेवा केली.” भाऊ भरल्या ताटावरून उठला. रात्री मला म्हणाला, “मारलं त्याचं मला काही वाटत नाही. पण आपण खोटं बोललो, म्हणून ते मारणंही चोरीचं झालं. बरोबर होतं तर लपवलं कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का? वरवंटा माझ्याकडे आहे. आई शेवटपर्यंत त्यानंच खर्डा वाटायची. – एक बहीण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, जसे चौतीस वर्षं कोर्टात जबाब वाचले तसं. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, सही कुणाची. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी पहिल्या तीन वेळा मलाही दिसली नव्हती. तुमचा भाऊ खोटं बोललेलाच नाही. आई बोलली, तुम्ही बोललात. त्याला कुणी विचारलंच नाही. पहाटेच्या गाडीत बसवून दिलं. “आपण खोटं बोललो” असं तो म्हणतो, ते घरच्यांचं ओझं तो वाटून घेतो आहे म्हणून. त्याच्या वाट्याला आलं ते गप्प बसणं, आणि तेही सोळाव्या वर्षी, दुसऱ्यांनी ठरवलेलं.

आता कायदा. तुम्ही पत्रात कुठेही तो शब्द वापरला नाहीत, पण सगळं पत्र ‘आम्ही गुन्हा लपवला’ या समजुतीवर उभं आहे. म्हणून आधी हे सांगते: त्या रात्री तुमच्या भावानं गुन्हा केला असं मला वाटत नाही. २००९ साली भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम ९६ चा अर्थ सरळ आहे. खाजगी बचावाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. कलम ९७ सांगतं की हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्या कुणाच्याही शरीरासाठी आहे. आणि कलम १०० प्रमाणे समोरचा माणूस जीव घेईल किंवा जबर दुखापत करील अशी रास्त भीती असेल, तर बचाव करताना त्याचा जीव गेला तरी हक्क शाबूत राहतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हीच कलमं ३४, ३५ आणि ३८ या आकड्यांनी बसली आहेत. गळा आवळलेला, आवाज बंद, पाय घासताहेत, दुसऱ्या माणसाच्या ओढण्यानं हात सुटत नाही. याहून रास्त भीती कुठली?

इथे लागू पडणारी मुख्य मर्यादा एकच: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तिथे तुमच्या पत्रातला ‘एकदाच’ हा शब्द माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा आहे. पडलेल्या माणसाला त्यानं दुसरा घाव घातला असता, तर मला हे उत्तर इतक्या ठामपणे लिहिता आलं नसतं. जिवावर बेतलेल्या माणसानं घातलेला घाव सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या निकालांत म्हटलंय. आणि ज्याला मारलं त्याच्यासाठीच तो अनवाणी रिक्षा आणायला धावला. सूड घेणारा माणूस रिक्षा आणत नाही.

मग तुम्ही लपवलंत ते काय? ताई, हे वाचून त्रास होईल, पण मला हेच सांगायचंय. तुम्ही भावाचा गुन्हा लपवला नाहीत. वडिलांचा लपवलात. त्या रात्री त्या घरात गुन्हा घडला तो कट्ट्याजवळ, बायकोचा गळा आवळण्याचा. ‘बाथरूममध्ये घसरले’ या दोन शब्दांनी पुसला गेला तो गुन्हा. आईच्या गळ्यावर बोटांच्या खुणा असणार. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत, बहुधा पदराखाली गेल्या असतील, आणि दवाखान्यात सगळ्यांचं लक्ष पडलेल्या माणसाकडे. अशा खुणा दहा-पंधरा दिवसांत जातात. त्या गेल्या आणि तुमच्या भावाच्या बाजूचा डोळ्यांना दिसणारा एकमेव पुरावा गेला. उरला काय, तर फुटलेलं डोकं आणि मामाकडे पाठवलेला मुलगा. अशा चित्रात सोळा वर्षांच्या पोराला स्वतः गुन्हेगारच दिसणार.

तरी मी तुमच्या आईला दोष देणार नाही. त्या रात्री तिनं खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत आहे. पोलिसांनी बहुधा आधी मुलावर जबर दुखापतीचा गुन्हा नोंदवला असता. त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं असतं, कदाचित निरीक्षणगृहात ठेवलं असतं. लोक अजून त्याला रिमांड होमच म्हणतात. बचावाचा हक्क होता की नव्हता हे ठरायला वेळ लागला असता आणि दहावीची परीक्षा कुणासाठी थांबली नसती. कांड्या भरून घर चालवणाऱ्या बाईनं रिक्षात, मांडीवर रक्ताळलेलं डोकं घेऊन, हा सगळा हिशेब मिनिटाभरात केला. गुन्हेगाराला आसरा देण्याचं जे कलम आहे, त्यातून कायद्यानं नवरा-बायकोला सूट दिली आहे. आईला दिलेली नाही. मला हे सगळ्या वकिलीत कधीच पटलं नाही.

आता तुमच्या भावाचा प्रश्न: बरोबर होतं तर लपवलं कशाला? कायदा उघड मोडावा, शिक्षा मान खाली न घालता घ्यावी, तरच त्यात नैतिक बळ, हा विचार आपल्याकडे सत्याग्रहातून आला. १८ मार्च १९२२ ला अहमदाबादेत गांधीजी न्यायाधीश ब्रूमफील्डपुढे उभे राहिले, आरोप स्वतःहून कबूल केला आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली. तिथे लपवलं असतं तर सगळंच फुकट गेलं असतं, कारण लोकांना दिसणं हाच त्या कृतीचा हेतू होता. पण तुमचा भाऊ कुणाला काही दाखवायला उठला नव्हता. आईचा श्वास सुरू व्हावा एवढाच त्याचा हेतू, आणि वरवंटा लागला त्या क्षणी तो पुरा झाला. नंतर रिक्षात कोण काय बोललं, हवालदारानं काय लिहिलं, त्यानं आईचा आलेला श्वास परत जात नाही. पुढचं खोटं मागे चालत जाऊन आधीच्या कृतीत शिरू शकत नाही.

हे मी नुसतं मनाला समजावायला म्हणत नाही. न्यायालयंही तसंच बघतात. १९६७ साली मुन्शीराम विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरोपीनं बचावाचा हक्क मांडलाच नसला, तरी नोंदीवरच्या पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय तो विचारात घेऊ शकतं. म्हणजे माणूस घाबरून ‘मी नव्हतोच तिथे’ म्हणाला, तरी हक्क मरत नाही. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, तेव्हा त्याला शपथ देत नाहीत आणि खोटं उत्तर दिलं म्हणून शिक्षाही करत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१. हे कलम लिहिणाऱ्यांना माणसाची भीती कळत होती.

पण खोट्याची किंमत लागत नाही असं नाही. २००३ च्या सुमाराला माझा एक अशील होता, शेतकरी. बांधावरून भांडण झालं, शेजारी कोयता घेऊन याच्या थोरल्या भावावर धावला, यानं फावड्याचा दांडा घातला. शेजारी तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसांना यानं सांगितलं, “मी तिथे नव्हतो, रात्रभर विहिरीवर मोटर चालू करून उसाला पाणी पाजत होतो.” सरकारी वकिलांनी वीज मंडळाच्या उपकेंद्राची नोंदवही मागवली. त्या रात्री अकरा ते पाच त्या लायनीला वीजच नव्हती. मी कोर्टात ती वही हातात घेतली तेव्हाची आठवण अजून आहे: निळ्या शाईत ‘बंद’ हा शब्द, खाली ऑपरेटरची आखूड सही. त्यानंतर माझ्या अशिलाचं कुठलंही खरं कुणाला खरं वाटेना. शेवटी मी सरकार पक्षाच्याच कागदांतून, भावाच्या हातावरच्या कोयत्याच्या तीन वारांवरून बचावाचा हक्क मांडला आणि तो सुटला. पण तोवर बावीस महिने आत काढले होते. जेलच्या दारात मला म्हणाला, “बाई, पहिल्याच रात्री खरं बोललो असतो तर?” मी म्हणाले, “तर बहुधा जामिनावर बाहेर राहून लढला असतास.” त्याचं मारणं खोट्यानं वाईट ठरलं नाही. फक्त ते बरोबर होतं हे दाखवणं फार महाग झालं. तुमच्या घरातही तेच झालं, कोर्टाशिवाय.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सदा खरं बोलण्याचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं जवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, यानं खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. टिळकांनीही ‘गीतारहस्या’त सत्याच्या अपवादांची चर्चा करताना असाच प्रसंग घेतला आहे. मी ती कितीदा वाचली असेल. तुमच्या पत्रानंतर मात्र वेगळाच विचार आला. कौशिक खोटं बोलला असता तर दरोडेखोर पुढे गेले असते, माणसं रानातून बाहेर आली असती, त्या खोट्याचं काम तिथे संपलं असतं. तुमच्या आईचं खोटं त्या रात्री तसंच होतं, आणि ते मला मान्य आहे. पण दरोडेखोर निघून गेल्यावरही तुम्ही मुलाला रानातच ठेवलंत. वडिलांचा हात उठेना, भाऊ अठराचा झाला, वडील वारले. यातल्या कुठल्याही दिवशी घरातल्या घरात, दार लावून, कुणीतरी त्याला म्हणायला हवं होतं, “तू मला वाचवलंस.” तुमच्या आईनं हे त्याला कधी म्हटलं का? पत्रात तसं कुठे आलेलं नाही.

मात्र तिनं वरवंटा टाकला नाही. हे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. ज्या बाईला त्या घावाची शरम वाटली असती, तिनं तो दगड विहिरीत टाकला असता, निदान माळ्यावर तरी. तिनं त्यानं रोज मिरच्या वाटल्या, पोरांना जेवू घातलं. तोंडानं नसेल बोलली. माझ्या लेखी ही तिची साक्ष आहे, आणि ती भावाच्या बाजूची आहे.

वडिलांच्या गप्प राहण्याचंही मी बघते. जीभ जड होती, पण आठ वर्षांत भावाकडे, चुलत्यांकडे एक बोट दाखवता आलं असतं. दाखवलं नाही. त्यांच्या मनात काय होतं हे कोण सांगणार. पण ज्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं, तो सहसा इतका गप्प राहत नाही.

कायद्याची भीती तुम्हाला आता असू नये. पोलिसांना खोटी माहिती दिल्याच्या गुन्ह्याला, तेव्हाचं कलम २०३, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. अशा गुन्ह्याची न्यायालयानं दखल घेण्याची मुदत तीन वर्षं, ती कधीच उलटली. भावाबद्दल कुणी आज काही उकरलंच, तर तेव्हा सोळा वर्षांचा असलेल्या मुलाचा विचार आजही बाल न्याय कायद्याखालीच होतो, आणि बचावाचा हक्क आहेच. तरी पोलिसांकडे किंवा कुणा नातेवाइकाकडे लेखी काही देण्याआधी जवळच्या वकिलाला कागदपत्रं दाखवा.

आता राहिले तुमचे घरमालक. तुम्ही त्यांच्याबद्दल दोन-तीन वाक्यं लिहिलीत आणि पुढे गेलात. मी तिथेच अडकले. त्या रात्रीच्या खोट्याची किंमत पैशात आणि मनस्तापात भरलेला बाहेरचा माणूस एकच: ज्याचा काही संबंध नव्हता तो. आपल्या फरशीनं एका माणसाचा हात आणि जीभ गेली असं तो समजत राहिला. तीन महिन्यांचं भाडं सोडलं, फरशी उखडून नवी घातली. त्यानंतर त्या बाथरूममध्ये कुणी बादली आपटली तरी त्याच्या पोटात धस्स झालं असेल. आईचा जीव वाचवायला वरवंटा लागला, मुलाला वाचवायला खोटं लागलं, हे मी दोन्ही मान्य करते. पण या माणसाला आयुष्यभर दोषी ठेवायची गरज कशालाच नव्हती. भावाला जो सल आहे ना ‘चोरीचं झालं’ म्हणून, तो मला वाटतं इथला आहे. मारण्यात चोरी नव्हती. फरशीवर ढकललं, त्यात होती. आणि ते तुम्ही केलंत, ताई, त्यानं नाही. म्हणून निस्तरायलाही तुम्हीच जायला हवं.

आधी भावाकडे जा. चुलत्यांना सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा, ती गोष्ट त्याची आहे, पंगतीतल्या माणसांचा त्यावर हक्क नाही. पण घरमालकांना सांगायला त्याची परवानगी मागा. नाही म्हणाला तर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. त्याला माझं हे उत्तर वाचून दाखवू नका, तुमच्या शब्दांत सांगा, आणि सुरुवात ‘आम्ही तुला त्या गाडीत बसवायला नको होतं’ इथून करा.

घरमालक हयात आहेत की नाहीत हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसतील तर त्यांच्या बायकोकडे, मुलांकडे जा. तीन महिन्यांचं तेव्हाचं भाडं आणि फरशीचा अंदाजे खर्च पाकिटात घालून न्या. ते बहुधा घेणार नाहीत. तरी न्या, आणि पाकीट पुढे करण्याआधी एवढं सांगा की तुमची फरशी घसरडी नव्हती.